तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्टीला मार्क कसे देता?

लग्नात, स्टाफरूममध्ये, रिक्षात सुद्धा विचारून झालंय मला. "मॅडम, गणिताचं समजतं, पण गोष्टीला वीसपैकी अकरा कसे काय देता हो?" आतापर्यंत मी हसून विषय बदलायचे. आज एकदाच नीट सांगते.

देते, कारण तक्ता असतो. मौलिकता ५, रचना ५, भाषा ५, शब्दमर्यादा ५. आणि हा तक्ता कुणी माझ्यावर लादला नाही, मीच हौसेनं केला. सोलापुरात शिकवायला आले तेव्हा सर्जनशील लेखनाचे मार्क म्हणजे सरांना आवडलं की नाही एवढंच असायचं, आणि आवडायचं ते बहुतेक वेळा घरात पुस्तकांचं कपाट असणाऱ्या मुलांचं. पूर्वभागातली पोरं, ज्यांच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, ती कायम सहा-सातवर. तक्ता आला आणि निदान त्यांना विचारता यायला लागलं की माझा मार्क कुठं गेला. ही गोष्ट मी आजही सोडणार नाही.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीसाठी कोर्स आउटकम, म्हणजे कोर्स शिकून विद्यार्थ्याला काय येईल ते, लिहायचे होते तेव्हाही सगळे वैतागले होते, मी नाही. 'विद्यार्थ्याला साहित्याची गोडी लागेल' असं लिहिलं की चालत नाही, गोडी मोजता येत नाही, मोजता येईल असं क्रियापद लागतं. शिक्षणतज्ज्ञ ब्लूमनं १९५६ला शिकण्याच्या पायऱ्यांचं वर्गीकरण केलं, त्यात मूल्यमापन सगळ्यात वर होतं, २००१ला ते सुधारलं तेव्हा निर्मिती वर गेली. मला वाटलं बघा, आपला विषय शेवटी शिडीच्या टोकाला बसला. खरंच आनंद झाला होता.

मग ती वही आली.

मुलगी दुसऱ्या वर्षाची, आई विड्या वळते. दीड पान लिहिलं होतं तिनं, हवं होतं चार पान. आईबरोबर कारखान्यात विड्या द्यायला गेली तो दिवस. तपासणारा विड्यांचा कट्टा, म्हणजे जुडी, हातात घेतो, दाबतो, एकेक विडी बाजूला काढत जातो, ती छाट, तिचे पैसे नाहीत. आई काही बोलत नाही, नुसती त्याच्या बोटांकडं बघते. घरी येऊन परत सूप मांडीवर घेते, रात्री हात थांबतो आणि शेवटची ओळ: 'अम्मा म्हणाली, चालु.' संपलं.

मी लाल पेननं 'चालु'चा उकार दीर्घ केला. बाजूला लिहिलं, 'शेवट नाही, काय चालू आहे?' मौलिकतेला पाचपैकी पाच, बाकी तिन्हीला दोन-दोन. अकरा.

पुनर्लेखनाची संधी देते मी, तो पण एक आउटकम आहे, 'अभिप्रायानुसार लेखनात सुधारणा करणे'. तिनं केली सुधारणा. चार पानं, स्वच्छ मराठी, अम्माची आई झाली होती, शेवटी मुलगी अधिकारी होते आणि त्या तपासणाऱ्याला जाब विचारते. तक्त्याप्रमाणं सतरा झाले, मी दिले, आउटकम साध्य झाला म्हणून फायलीत नोंद पण केली. वाचताना काहीतरी खटकलं होतं, खोटं नाही बोलणार, मौलिकतेचा एक मार्क मी कमी केला होता. पण 'खटकलं' याला कॉलम नव्हता.

पुढच्या वर्षी अशोक चौकात भाजी घेत होते. बाई मापात वांगी टाकत होती आणि तिची सासू मागून म्हणाली, "चालु, चालु." बाई थांबली. मी विचारलं काय म्हणाल्या? "पुरे म्हणतायत, ताई."

पिशवी तिथंच ठेवून उभी राहिले मी. शेवट होता. मी तो दुरुस्त केला होता.

त्याच संध्याकाळी फोन लावला तिला. "अगं, ती पहिली वही आहे का तुझ्याकडं?" ती म्हणाली, "नाही मॅडम, ती रद्दीत गेली की. पण दुसरी जपून ठेवलीय, सतरा मार्कांची."

मी काय बोलणार होते? माफी मागितली, तिला कशाबद्दल ते नीट कळलं नाही, उलट तीच मला समजावत बसली.

आता तुम्ही म्हणाल मग तक्ता फाडून टाका. फाडला तर पुन्हा माझ्या आवडीवर येणार सगळं, आणि माझी आवड बार्शीच्या मराठी शाळेत घडलेली आहे, तिला तरी 'चालु' कुठं कळलं? मग चूक तक्त्याची की माझ्या कानाची? वर्षानुवर्षं या गावात राहून शेजारच्या भाषेतला रोजचा शब्द मला माहीत नव्हता, हे कुठल्या आउटकममध्ये बसवू? कधी वाटतं सगळा दोष स्वतःवर घेऊन मी तक्त्याला वाचवतेय. कधी उलटं.

आता वहीबरोबर एक पान मागते, तुला काय करायचं होतं ते लिही म्हणून. पहिल्याच तासाला विचारलं पोरांनी, "त्याला किती मार्क, मॅडम?"

सध्या टेबलावर अडतीस वह्या आहेत, शनिवारपर्यंत मार्क भरायचेत. एकीनं मधेच दोन ओळी कन्नडमध्ये लिहिल्यात. शेजारच्या काकूंकडं नेऊन वाचून घेतल्या, त्यांनी दोनदा वाचल्या आणि दुसऱ्यांदा वाचताना आवाज बारीक केला. रचनेचा रकाना अजून मोकळा आहे.