एमसीएचसी ५५

डिसेंबरातलं नाशिक. सकाळी साडेआठला कलेक्शनचा मुलगा स्कूटरवरून सॅम्पलांचा डबा घेऊन आला, बोटं काकडलेली. मी जांभळ्या बुचाच्या ट्यूबा लॅबमधल्या रक्तपेशी मोजायच्या मशीनला लावल्या. सातव्या ट्यूबला लाल खुणांची रांगच लागली: हिमोग्लोबिन ७.४, लाल पेशी फक्त ११ लाख, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) १२२, एमसीएचसी (पेशीत हिमोग्लोबिन किती दाट भरलंय ते) ५५.

एमसीएचसी ५५! पेशीत हिमोग्लोबिन मावून मावून किती मावणार? ३६-३७ झालं की डबा भरला. आम्ही ढोबळमानाने हिमोग्लोबिनला तीनने गुणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ताडून बघतो. इथे २२ हवा, आलाय १३.

बाई ४६ वर्षांच्या. आठवड्यापूर्वी दुसरीकडे केलेल्या तपासणीतही एमसीव्ही वाढलेला, म्हणून बी-१२ची इंजेक्शनं चालू झाली होती. खरं सांगतो, घाईच्या दिवशी मीही 'मॅक्रोसायटिक', म्हणजे मोठ्या पेशींचा, असं लिहून मोकळा झालो असतो. आमच्याकडे रोज येतो तो लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया: बारक्या, मधे फिक्या पेशी, एखादी पेन्सिलीसारखी लांबट. त्याखालोखाल बी-१२. मोठी पेशी दिसली की हात आपोआप तिकडे वळतो.

स्लाइड बघितली. बी-१२ कमी असेल तर लंबगोल मोठ्या पेशी हव्यात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या हव्यात. त्यातलं काहीच नाही. दिसले ते पेशींचे घोस. नाण्यांची चवड लागते तसे नव्हे, वेडेवाकडे, द्राक्षाच्या घडासारखे. ट्यूब तिरकी करून उजेडात धरली, तर काचेला बारीक रवा चिकटल्यासारखं रक्त.

मग उलगडलं. हिमोग्लोबिन मोजताना मशीन पेशी फोडतं, म्हणून तो आकडा बरोबर. पेशी मोजताना मात्र अख्खा घोस एक पेशी म्हणून धरला जातो. संख्या घटते, आकार फुगतो.

ट्यूब ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवली आणि गरम असतानाच मशीनला लावली. लाल पेशी २३ लाख, एमसीव्ही ९६, एमसीएचसी ३३.५. हिमोग्लोबिन तेच, ७.४. म्हणजे अ‍ॅनिमिया खरा, मोठी पेशी खोटी.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड पाहून बाईंना फोन लावायला सांगितलं.
"काकू, गार पाण्यात हात घातला की काय होतं?"
"अरे, भांडी घासताना बोटं निळी पडतात. तुला कसं कळलं?"
तीन आठवड्यांपूर्वी ताप, न हटणारा कोरडा खोकला. लघवीही गडद होत होती म्हणाल्या.

रेटिक (नव्या लाल पेशींचं प्रमाण) वाढलेला, इनडायरेक्ट बिलिरुबिन आणि एलडीएच या पेशी फुटल्याच्या खुणा चढलेल्या, कूम्ब्स (लाल पेशींना प्रतिपिंड किंवा कॉम्प्लिमेंट चिकटलंय का ते बघणारी चाचणी) पॉझिटिव्ह, तीही सी३डीला, म्हणजे कॉम्प्लिमेंट या प्रथिनाच्या तुकड्याला. मायकोप्लाझ्मा या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडाची चाचणी पॉझिटिव्ह. त्या न्यूमोनियानंतर कधीकधी शरीर असे प्रतिपिंड बनवतं, जे गारव्यात आपल्याच लाल पेशींना चिकटतात. पेशी फुटतात त्यामुळेच. रक्तगट करतानाही तीच कटकट, जिथे गुठळी व्हायलाच नको त्या कंट्रोलमध्येसुद्धा गुठळ्या. कोमट सलाइनने पेशी धुतल्यावर कुठे 'बी' निघाला.

रिपोर्टवर मॅडमनी लिहिलं: रुग्णाला गारठ्यापासून जपा, रक्त चढवायचंच झालं तर ते कोमट करणाऱ्या वॉर्मरमधून. डॉक्टरांनी बी-१२ थांबवलं. रक्त चढवावं लागलं नाही.

दीड महिन्याने काकू स्वतःच लॅबमध्ये आल्या, लोकरीचे हातमोजे घालून. मी थर्मासमधलं कोमट पाणी वाडग्यात ओतलं, रक्त काढलं आणि ट्यूब त्यात बुडवून मशीनकडे पळालो. हिमोग्लोबिन १०.६.

"माझं रक्त एवढं थंडीला भितं?" काकू मागून विचारत होत्या.