ममी, मम्मी की आई

सबटायटलचं काम करते म्हटलं की लोकांना वाटतं हिला घरबसल्या फुकट पिक्चर बघायला मिळतात. मिळतात की, पण एकच डायलॉग दहादा मागेपुढे केल्यावर कसला पिक्चर आणि कसलं काय. एका ओळीत 42 अक्षरं, एकावेळी दोनच ओळी, आणि सॉफ्टवेअर अक्षरं मोजतं ती जोडाक्षरं फोडून, वेलांटी, काना, पाय मोडल्याची खूण सगळं वेगळं धरून. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, त्याला सहा दिसतात. ‘व्हँपायर’ आठ. आता ज्या पिक्चरमध्ये दर दोन मिनिटांनी व्हँपायर, तिथे माझं काय होत असेल बघा.

डिसेंबरातल्या एका शनिवारी एजन्सीकडून फाईल आली, सोमवारी सकाळी पाहिजे, वर ‘फार डोकं लावू नका, स्वस्तातला हॉरर आहे, कोण वाचतंय’. (ज्यांना सबटायटलची एक पाटी धड लिहिता येत नाही तेच हे सांगतात.) पिक्चर 1993 चा, ब्लडस्टोन, म्हणजे सबस्पीसीज या व्हँपायरच्या मालिकेचा दुसरा भाग. पहिला मी बघितलेला नव्हता आणि हा सुरू होतो तो थेट पहिला संपला तिथूनच. राडू नावाच्या व्हँपायर व्हिलनचं मुंडकं उडालेलं पडलंय, आणि चिमुकली लाल भुतं येऊन ते धडाला परत जोडून देतात. मी चहा घेऊन बसले होते, तो गारच झाला.

नंतर कळलं की ही भुतं बहुतेक तेवढ्याच कामाला आहेत. एकेक फ्रेम हलवून केलेलं काम, मेहनत दिसते, पण वरून चिकटवल्यासारखी वाटतात. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रच्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना असंच थोडंथोडं करून शूट केलं होतं, ते आठवलं. तिथे ट्रिक हाच विषय होता, इथे नुसती हजेरी लावून जाते.

बाकी पिक्चर मी समजले होते तेवढा टुकार नाही हो. शूटिंग रोमानियात झालंय, तिथल्या हुकूमशहाची, चाऊशेस्कूची सत्ता 1989 ला गेली त्यानंतरच्या चारपाच वर्षांतलं, त्यामुळे पडके बुरूज खरे, बुखारेस्टचे ओले रस्ते खरे, एवढा सेट लावायला यांच्याकडे पैसा कुठून असणार. राडूची सावली लांब बोटं घेऊन भिंतीवरून सरकत जाते, ती उचललीय सरळ 1922 च्या नोस्फेरातू या जर्मन मूकपटावरून, पण जमलीय. (उन्हाने व्हँपायर मरतो हेही तिथूनच आलं, ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही फिरतो.) अँडर्स होव्ह या डॅनिश नटाचा तो घोगरा आवाज हेडफोनवर ऐकत रात्री दीडला एकटीने काम करून बघा. तोंडातून लाळ, रक्त, सगळं गळतंय आणि तरी मध्येच त्याची दया येते.

वाईट म्हणजे मधला भाग. हिरॉइन मिशेल, ती आता अर्धवट व्हँपायर, रक्त नको म्हणते आणि राहवतही नाही, हे सगळ्यात चांगलं सूत्र. (नटी बदललीय, पहिल्या भागात दुसरीच होती म्हणे.) पण तिची बहीण तिला शोधत येते, मग एम्बसीवाला, प्रोफेसर, पोलीस, सगळे नुसते बोलत बसतात आणि मी नुसती टाईप करत बसते. शेवट तर नाहीच, तिसरा भाग याच्याबरोबरच शूट केलेला, म्हणून अर्ध्यात सोडून दिलाय.

‘ब्लडस्टोन’चं मी ‘रक्तमणी’ केलं. संतांचं रक्त पाझरणारा मणी, शोभतं की नाही? यावर मी अजून खूश आहे.

घोडं अडलं ते राडूच्या आईपाशी. वाळून कोळ झालेली चेटकीण, आणि हा शेकडो वर्षांचा राक्षस तिला ‘मम्मी’ म्हणतो. मी आधी राजघराणं म्हणून अहोजाहो घातलं. रविवारी दुपारी आई शेजारी मेथी निवडत बसली होती, आवाज नाही, नुसत्या पाट्या वाचत होती.

‘‘अगं ही त्याची कोण?’’

‘‘आई.’’

‘‘मग तिला ‘तुम्ही’ काय म्हणतोय? सासू आहे का ती?’’

सगळं बदललं. ‘आई, तू’. आणि काय सांगू, सीन एकदम बसला. तो तिच्यापुढे लहान पोर झाला. शिवाय ‘आई’ म्हणजे दोनच अक्षरं, चार ठिकाणी वाक्य पूर्ण मावलं.

सोमवारी क्यूसीकडून, म्हणजे सबटायटल तपासणाऱ्यांकडून, परत आलं, सगळीकडे ‘ममी’. कारण, प्रेक्षकाला कानाने मम्मी ऐकू येतं, वाचायला आई दिली की तो गोंधळतो. आणि बाई वाळकी आहे, म्हणून एक म. मी फोन केला, भांडले, क्यूसीचा पोरगा नम्रपणे म्हणाला, ‘‘मॅम, जोक आहे ना तो, तुम्ही जोकच मारून टाकलात.’’ आता हे खरंच आहे. इंग्रजीत ती मम्मी पण आहे आणि ममी पण, आणि माझ्या ‘आई’त तिचं प्रेत राहत नाही. पण त्याच्या ‘ममी’त आई कुठे राहते? मला उत्तर सुचलं नाही, मी ठीक आहे म्हणून फोन ठेवला.

पिक्चर लागला तेव्हा आईला दाखवला. तो सीन आला, ‘ममी’ आलं. ‘‘यात इजिप्त कधी आलं?’’ ती म्हणाली, आणि उठून कुकर लावायला गेली.