शुल्क नेमके कशाचे?

२०१३ मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान-पत्रकाराने ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी एक बनावट शोधनिबंध रचला आणि त्याच्या थोड्याफार बदललेल्या प्रती लेखकांकडून प्रकाशनाचे शुल्क आकारून वाचकांना निबंध मोफत देणाऱ्या ३०४ ओपन अ‍ॅक्सेस नियतकालिकांकडे पाठवल्या. शैवाकातला (आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल याच जातकुळीचे) एक रेणू कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो, असा त्यात दावा होता. मात्रेनुसार परिणाम वाढतो असे आलेखाखाली लिहिलेले होते. प्रत्यक्ष आलेखात मात्रा कितीही बदलली तरी परिणाम जवळजवळ सारखाच दिसत होता. तरीही १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला आणि ९८ जणांनी नाकारला.

सगळीकडे १५७ हाच आकडा सांगितला जातो. मला मात्र दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करतो. ज्या ३६ ठिकाणी समीक्षकांनी, म्हणजे निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, वैज्ञानिक दोष दाखवले, त्यांपैकी १६ ठिकाणी संपादकांनी ते अभिप्राय बाजूला सारून निबंध घेतला. म्हणजे विनामोबदला राबणाऱ्या समीक्षकाने आपले काम चोख केले होते, पण निबंध नाकारला की शुल्कही बुडते, हा हिशेब त्याच्या हाती नव्हता.

वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांची अशी परीक्षा बोहॅननने घेतलीच नाही, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय शुल्कावरच चालणाऱ्या ‘प्लॉस वन’ या नियतकालिकाने तो निबंध काटेकोर तपासून नाकारला होता. तेव्हा सरसकट शुल्कावर खापर फोडण्यात अर्थ नाही. नामांकित प्रकाशकाचे नाव पाहून निर्धास्त व्हावे, अशीही स्थिती नाही: वायली या बड्या प्रकाशकाने २०२१ मध्ये विकत घेतलेल्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेला २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, आणि त्यांतले बरेचसे पाहुण्या संपादकांच्या हवाली केलेल्या विशेषांकांतले होते.

आपल्याकडे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्ये शोध-नियतकालिकांच्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली आणि पुढे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या मदतीने ‘केअर’ यादी उभी केली; २०२५ मध्ये तीही बंद केली. अशी कोणतीही यादी नियतकालिकाची पारख करते. एका विशिष्ट निबंधावर समीक्षक काय म्हणाला, हे तिला कसे कळणार?

‘ईलाइफ’ या नियतकालिकाने २०२३ पासून शुल्क समीक्षेच्या टप्प्याशी जोडले, समीक्षेनंतरचा स्वीकार-नकार बंद केला आणि अभिप्राय निबंधासोबतच प्रसिद्ध करायला सुरुवात केली. या मार्गाने कच्चे निबंधही वाचकांपुढे येतात, हे खरे. पण त्यांतले दोष दाखवणारा मजकूर शेजारीच असतो आणि कोणत्याही संपादकाला तो फायलीत दडवून ठेवता येत नाही.