पांढरं नव्हे, आलवण

मी सिनेमांसाठी केशभूषेचं काम करतो. कोल्हापूरच्या चित्रनगरीत त्या दिवशी वाड्याचा सेट लागला होता. काळ 1895, घर ब्राह्मणाचं, कीर्तनाला बसलेल्या बायकांत चार विधवा. ड्रेसवाल्यानं चौघींच्या पांढऱ्या साड्या इस्त्री करून टांगल्या होत्या. मला निरोप होता, साधे अंबाडे बांधा.

पहिल्याच खुर्चीत पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी. साडीकडे बघून म्हणाल्या, "अरे, हे पांढरं कुणाचं? आमच्या माईआजीला मी पाहिलंय. तांबडं आलवण नेसायची, विधवेचं बिनकाठाचं लुगडं. अंगात चोळी नाही, पदरच लपेटलेला. आणि अंबाडा कशाचा बांधतोस? केस ठेवत होते का तिचे?"

माझा हात थांबला. आमचं घर नाभिकांचं. 1890 मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं, हे वडिलांनी मला किती अभिमानानं सांगितलेलं. त्याच काळातल्या विधवेला मी अंबाडा घालत होतो. मग ती सभा भरली तरी कशासाठी?

दिग्दर्शकांकडे गेलो. त्यांचं म्हणणं, लाल दिसलं की प्रेक्षकाला सवाष्ण वाटेल. खोटं नाही ते. पण पांढरी साडी लोकांच्या डोळ्यांत बसवली ती सिनेमांनीच. बरीच ओढाताण झाली. तिघी पांढऱ्यातच राहिल्या, पदर कपाळापर्यंत ओढून. एकीपुरती परवानगी मिळाली. टकलाच्या टोपीला दुसरं कुणी तयार होईना. आजीच म्हणाल्या, "मला कर."

महाद्वार रोडवरून बिनकाठाचं तांबडं सुती कापड आलं. ड्रेसवाल्यानं दोनदा धुऊन त्याची चमक घालवली. मी आजींचे केस चापून बसवले, वर पातळ रबरी टोपी चढवली, कडा स्पिरिट गमनं चिकटवल्या. त्वचेचा रंग लावून झाल्यावर स्पंजनं करडे ठिपके दिले, कारण वस्तरा फिरून आठवडा झाला की खुंट दिसतातच. गुळगुळीत टक्कल तिथं खोटं वाटलं असतं. दीड तास गेला.

आजींनी आरशात बघत डोक्यावरून हात फिरवला.

"न्हावी मागच्या दारानं यायचा," म्हणाल्या. मग पदर स्वतःच पुढे ओढून कानामागे खोचला. "ती असा घ्यायची."

शॉटमध्ये त्या मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला जाऊन बसल्या. ती जागा त्यांना कुणी सांगितली नव्हती.