वर चढणारी आणि खाली येणारी रेषा

आज दिवसभर एकाच समीकरणापाशी बसले होते. स्पेनमधल्या अमिगो, कासेयेस आणि मिको या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेलं गणिती मॉडेल. उत्तेजक औषधाचा एकच डोस घेतला, तर माणसाची बहिर्मुखता पुढच्या काही तासांत कशी बदलते, हे ते सांगतं.

स्वभाव म्हणजे कोरलेला दगड, असं आपण मानतो. इथे मात्र स्वभाव काळाबरोबर हलतो. त्याला तीन गोष्टी ओढतात. औषध वर ढकलतं. शरीर आपल्या मूळ पातळीकडे परत खेचतं. तिसरं पद मला फार आवडलं: आतापर्यंतच्या उत्तेजनाची आठवण ठेवणारा इंटिग्रल, म्हणजे क्षणाक्षणाची साठत गेलेली बेरीज, जो उशिरा जागा होतो आणि खाली दाबतो.

दुपारी आकडे घालून आलेख काढला. रेषा चढली, मग उतरली, आणि मूळ पातळीवर न थांबता तिच्याही खाली गेली. तिथून सावकाश वर आली. पेन्सिल हातात तशीच राहिली.

बारावीच्या वर्षी पहाटे कडक कॉफी पिऊन अभ्यासाला बसायचे. दुपारपर्यंत मन पार बसायचं, कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. त्यात झोपेची कमतरताही होतीच. पण घरी सगळे म्हणायचे, "स्वभावच असा घुमा आहे हिचा." मीही ते खरं मानलं, कित्येक वर्षं.

तो कागद टेबलावर काचेखाली ठेवलाय.