कॅम्परव्हॅन जरूर घ्या, क्राऊन रेंजवरून नेऊ नका

न्यूझीलंडमध्ये वानाकाहून क्वीन्सटाउनला जायचं म्हटलं की मोबाईलवरचा नकाशा क्राऊन रेंजचा घाटरस्ता काढून देतो. सत्तर किलोमीटर, तासाभराचं काम. नकाशाला वाटतं तुम्ही मोटारीत बसला आहात. आम्ही सहा जण सव्वासात मीटर लांब आणि सव्वातीन मीटर उंच कॅम्परव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, बसलो होतो, आणि पुढचा घाट मला अजून झोपेत दिसतो.

मे महिन्यात न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बारा दिवस फिरलो. मी, नवरा, दोन मुलं आणि माझे आई-बाबा. क्राइस्टचर्चहून निघून क्राइस्टचर्चलाच परत. आधी टेकापो, माउंट कुक, हूकर व्हॅली. सगळं सुरेख आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच असतात, त्यामुळे थेट घाटावर येते.

वानाकाकडून चढ फारसा जाणवत नाही. वाटेत कार्डरोनाला एक कुंपण आहे, त्यावर शेकडो ब्रा टांगलेल्या. आई म्हणाली, "गाडी थांबवू नकोस." खिंडीपर्यंत सगळे हसत होतो. पलीकडे उतार सुरू झाला आणि हसणं बंद. शेवटच्या टप्प्यात ॲरो जंक्शनपर्यंत एकामागून एक नागमोडी वळणं आहेत. लहान मोटार ती मजेत घेते. आमची गाडी वळताना मागचा भाग बाहेर फेकला जायचा, समोरून गाडी आली की माझा श्वास अडकायचा, आणि मागे सात-आठ गाड्यांची रांग. न्यूझीलंडमधला हा सर्वांत उंच डांबरी हमरस्ता, हे मला नंतर कळलं. ज्यांनी "कॅम्परव्हॅनने आरामात जाता येतं" असं सांगितलं होतं, ते बहुतेक दोन माणसांच्या छोट्या व्हॅनने गेले असावेत.

बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. वरंधा, कशेडी, आंबेनळी सगळे घाट त्यांच्या हाताखालून गेलेले. ते शेजारच्या सीटवर बसून एकच वाक्य म्हणत होते, "चढताना जो गिअर, उतरताना तोच." आणि माझ्या हातात ऑटोमॅटिक. पहिली दहा मिनिटं मी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरले, तेव्हा जळका वास यायला लागला. मग बाबांनीच गिअरची दांडी बाजूला ओढून गिअर हाताने खाली आणता येतो हे शोधून काढलं. ऑटोमॅटिक गाडी घेतलीत तर ताब्यात घेतानाच कंपनीच्या माणसाकडून ही गोष्ट समजून घ्या. आम्हाला त्याने टीव्ही कसा लावायचा ते दाखवलं होतं.

परतीला ते-आनाऊहून वानाकाला येताना क्रॉमवेलमार्गे आलो. कवाराऊच्या दरीतला रुंद, सोपा रस्ता. अंतर जास्त, पण वेळ जेमतेम अर्धा तास जास्त. एवढंच करायचं होतं. मोठी गाडी असेल तर क्रॉमवेल, यावर चर्चा नको. काही कंपन्या हिवाळ्यात क्राऊन रेंजला मनाईच करतात आणि क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडवर तर भाड्याच्या गाडीला विमाच नसतो. कराराचं ते पान आधी वाचा, मग नकाशा उघडा.

आता पैसे. आमच्या करारात अनामत ५,००० न्यूझीलंड डॉलर होती, म्हणजे साधारण अडीच लाख रुपये. मी समजत होते की तेवढी रक्कम कार्डावर फक्त अडकवून ठेवतील. त्यांनी ती चक्क वसूल केली आणि गाडी परत दिल्यावर तीन आठवड्यांनी परत पाठवली. माझ्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी. म्हणजे जातानाच दहा हजारांवर रुपये गेले, परत येताना दर वेगळा लागला तो निराळाच. गाडीला एक नवा ओरखडा नसताना साडेअकरा हजारांना चाट. शिवाय कार्डाची मर्यादा बारा दिवस भरलेली, त्यामुळे राहण्याचे पैसे नवऱ्याच्या कार्डावरून. बुकिंगच्या आधी ईमेलने लेखी विचारा: अनामत अडकवणार की कापणार? फोनवर विचारू नका, फोनवर सगळे गोड बोलतात. आणि फॉरेक्स कार्ड आमच्याकडून अनामतीसाठी घेतलं नाही, क्रेडिट कार्डच लागलं.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण विमा, मग अनामत जवळजवळ शून्यावर येते. आम्हाला दिवसाला ५५ डॉलर सांगितले होते. बारा दिवसांचे ६६० डॉलर, म्हणजे तेहतीस हजार. ठाण्यात सोफ्यावर बसून आम्ही ते वाचवले आणि स्वतःची पाठ थोपटली. घाटात मी मनातल्या मनात ते पाच वेळा भरले. साध्या विम्यात छत आणि गाडीचं पोट धरलेलं नसतं आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमधली उंचीची आडवी दांडी छतच शोधत असते. पूर्ण विमा घ्या.

आणखी एक रक्कम बुकिंगच्या किमतीत दिसत नाही: रस्ताकर. तिथे पेट्रोलच्या दरात हा कर धरलेला असतो, डिझेलच्या दरात नाही, म्हणून डिझेल गाडीला किलोमीटरवर वेगळा भरावा लागतो. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीचा सरकारी दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर आहे. आमच्याकडून दर शंभर किलोमीटरला ९ डॉलर घेतले, १,७४० किलोमीटरचे सुमारे १५७. मी काउंटरवर बराच वाद घालत बसले. नंतर पंपावर डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त दिसलं तेव्हा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा अजून आहे, कारण किंमत सांगताना हे सांगायला काय होतं?

राहण्याबद्दल एक मोठा गैरसमज असा की गाडीत घर आहे म्हणजे कुठेही थांबून झोपता येतं. नाही. गाडीवर हिरवा सेल्फ-कंटेन्ड परवाना लागतो, त्यासाठी गाडीत बसवलेला संडास लागतो, आणि तरीही ती जागा परवानगीची असावी लागते. दंड ४०० डॉलरपासून. क्वीन्सटाउन परिसरात तर नियम फारच कडक. आम्ही दहा रात्री हॉलिडे पार्कमध्ये विजेच्या जागेवर काढल्या. उरलेल्या दोन माउंट कुकच्या सरकारी कॅम्पसाइटवर, जिथे वीज नाही. तिथे कळलं की वीज जोडलेली नसताना मायक्रोवेव्ह, किटली, प्लग काहीच चालत नाही. आईने बॅगेतून आणलेला छोटा मिक्सर त्या दोन रात्री तसाच पडून होता. मेमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळे गाडीत डिझेलवर चालणारा हीटर आहे का, हा प्रश्न बाकी सगळ्या सोयींच्या आधी विचारा. नुसता विजेचा असेल तर आजी-आजोबांना घेऊन तिथे राहू नका. बाबा स्वेटरवर स्वेटर चढवून झोपले आणि सकाळी "मस्त झोप लागली" म्हणाले. खोटं होतं ते.

स्वयंपाक गॅसवर होतो, कुकर चालतो. फोडणी मात्र नको. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म असा किंचाळतो की शेजारचे जर्मन आजोबा टॉर्च घेऊन आले होते. हॉलिडे पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात फोडणी करा, तिथे कुणी काही म्हणत नाही. खायचं नेताना विमानतळावरच्या फॉर्मवर सगळं लिहा, लाडू, मसाले, मेतकूट, सगळं. न लिहिलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर. मध अजिबात नेऊ नका.

गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं, मागच्या पलंगावर लोळायचं नाही. माझ्या मुलाला हे पटायला दोन दिवस लागले. सात वर्षं पूर्ण होईपर्यंत चाइल्ड सीट सक्तीची आहे आणि ती प्रत्येक बाकावर बसत नाही, म्हणून बुकिंगच्या वेळीच वय सांगा. गाड्या डावीकडूनच चालतात, महाराष्ट्राचं इंग्रजीतलं लायसन्स आम्हाला चाललं. मागे रांग लागली की पहिल्या मोकळ्या जागेत बाजूला व्हा, नाहीतर लोक स्टार ५५५ वर फोन करून पोलिसांकडे तक्रार करतात. हास्टच्या बाजूला एकेरी पूल भरपूर आहेत. पाटीवर तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं तुम्हीच. मेमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चारनंतर गाडी हलवायची नाही हा नियम आम्ही तिसऱ्या दिवसापासून केला. मिलफर्ड साउंडला, म्हणजे तिथल्या डोंगरांमधल्या खाडीला, गाडी नेलीच नाही, ते-आनाऊला लावून बसने गेलो. होमर बोगदा उतरताना बसच्या ड्रायव्हरचा गिअर बघत बाबा खूश होते. मिलफर्ड छान आहे, जा.

संडासाची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची पेटी, रोज रिकामी करायची, एक दिवसही पुढे ढकलू नका. नवरा आणि मी आळीपाळीने करू असं ठरलं होतं. बारापैकी आठ वेळा मी केली. त्याच्याशी या विषयावर अजून बोलणं व्हायचं आहे.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, छतावरून आणि खालून व्हिडिओ काढा. आम्ही उड्या मारत निघणार होतो, पण बाबांनी थांबवलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. परत देताना तिथल्या मुलीने मागच्या बंपरखालचा ओरखडा दाखवून कागद काढला. मी मोबाईल पुढे केला. व्हिडिओत गाडीखालून दोन बूट दिसतात आणि बाबांचा आवाज येतो, "हा जुना आहे, याचा फोटो घे." तिला मराठी कळलं नाही, पण वरची तारीख कळली.