आमची वाटचाल : बॉनेटखालच्या डब्यापासून हॉलच्या कोपऱ्यापर्यंत

गाडीचं बॉनेट उघडलं की एअर फिल्टरच्या पाइपला चिकटलेला एक काळा प्लास्टिकचा डबा दिसतो बघा, बऱ्याच गाड्यांत असतो, त्यातून हवा पुढे कुठेच जात नाही, एकच तोंड, म्हणजे आत गेली ती तिथेच. नवखे मेकॅनिकसुद्धा विचारतात हा कशाला लावलाय. तो रेझोनेटर. ठराविक आरपीएमला इंजिन हवा ओढताना जो घूंऽऽ आवाज येतो तो खायला ठेवलेला असतो. मी भोसरीत एका व्हेंडरकडे हेच डबे डिझाइन करायचो, खोलीतला घुमणारा बेस खाणारे डबे करायच्या आमच्या धंद्याचं मूळ तिथे आहे, ऑडिओच्या दुकानात नाही.

घरी मात्र गाण्याचं वेड. हॉल बारा फुटी, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला (पुण्यातल्या टूबीएचकेत दुसरीकडे टेकणार कुठे), आणि तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं की डग्ग्यावर मनगट दाबत घुमारा वरखाली जातो ना, त्यात एका जागी आवाज एकदम फुगायचा. वाजवणाऱ्याने तिथे जोर दिलेला नसतो, ती आमची खोलीच मध्ये बोलायची. तोच ट्रॅक हॉलच्या मधोमध उभं राहून ऐकला की तो फुगवटा गायब, उलट डग्गाच पातळ. ऑफिसात दिवसभर जे बघत होतो तेच घरी चालू होतं, फक्त पाइपच्या जागी हॉल.

हिशोब अवघड नाही. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, बारा फूट म्हणजे 3.66 मीटर, वेगाला लांबीच्या दुपटीने भागा, 47 हर्ट्झ येतात. या आवाजाचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी जास्तीत जास्त आणि मधोमध जवळपास शून्य. खोली ज्या सुरांना अशी बोलते त्यांना मोड म्हणतात; लांबीच्या दुसऱ्या मोडला, म्हणजे 94 ला, टोकांना आणि मध्येसुद्धा जास्त. शिवाय रुंदीचे वेगळे, उंचीचे वेगळे. वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीच्या खोल्या थोडाफार बेस गिळायच्या, अमेरिकेतल्या जिप्समच्या भिंतीपण गिळतात, आपला आरसीसी आणि व्हिट्रिफाइड टाइल्सचा फ्लॅट जवळजवळ सगळा परत फेकतो. म्हणून तिकडचे सल्ले वाचून इकडे खोली लावली की गणित बसत नाही.

भिंतीला इंचभर फोम चिकटवून याचं काही होत नाही. 47 हर्ट्झची पाव तरंगलांबी 1.8 मीटर भरते, इंचभर फोमला तिचा पत्ताही लागत नाही. वरचा चुरचुरीत आवाज तेवढा मरतो आणि खोली आणखी घुमी वाटायला लागते. अंड्याचे ट्रे लावणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

मग पहिला डबा केला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून 18 मिमीचा प्लाय आणला, 60 लिटरची पेटी, तिला 75 मिमीच्या पीव्हीसी पाइपचा साडेतीन-चार सेंटीमीटरचा तुकडा मानेसारखा बसवला. मानेतली हवा म्हणजे वजन, पेटीतली हवा म्हणजे स्प्रिंग, दोघं मिळून एकाच सुरावर झुलतात, तो सूर 47 च्या आसपास येतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने असली भांडी सूर ओळखायला वापरली म्हणून अशा डब्याला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात. रोमन काळात व्हिट्रुव्हियसने नाट्यगृहात काशाची भांडी ठेवायचं लिहून ठेवलंय, युरोपातल्या जुन्या चर्चच्या भिंतींत मडकी चिणलेली सापडतात, आणि आपल्या कुंभारवेशीतलं दहा लिटरचं मडकं घेऊन तोंडापाशी हुंकार देत वरखाली गेलात तर 140 हर्ट्झच्या आसपास कुठेतरी तेही अंग हलवेल. बेससाठी मडकं पुरत नाही, पोट मोठं लागतं.

आता खरी गोष्ट जागेची. तोच डबा हॉलच्या मध्ये ठेवला तर 47 ला काही म्हणजे काही करत नाही, कारण तिथे त्या सुराचा दाबच नाही. कोपऱ्यात नेला, तोंड कोपऱ्याकडे आणि मध्ये चार बोटं फट, की काम सुरू. मानेत जाळी आणि ग्लासवूलचा पातळ थर लागतो, नाहीतर डबा खाल्लेला आवाज हळूहळू परत ओकतो आणि घुमारा कमी व्हायच्या ऐवजी लांबतो. हा थर किती ठेवायचा ते माइक लावून, स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) वाजवून, आलेखात घुमाऱ्याची शेपूट किती आखूड झाली ते बघूनच ठरवतो. खोलीचा आवाज मोजायचं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मोजायचा माइक एकदा घेतला की झालं, आणि माझं अजून ठाम मत आहे की ज्याच्याकडे हा आलेख नाही त्याने खोलीबद्दल छातीठोक बोलू नये.

ऑर्डरी सुरुवातीला मित्रांच्या, मग मित्रांच्या सासऱ्यांच्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लोक घरात अडकले, माळ्यावरचे अॅम्प्लिफायर खाली आले, आणि फोन वाढले. नोकरी सोडली, नऱ्ह्यात शेड घेतली, मिस्त्री जोडीला आले. मिस्त्रींना थिअरीत रस शून्य, पण पेटीच्या जोडातून बारीक हवा जरी निसटली तरी सूर हलतो हे त्यांनी माझ्याआधी हाताने ओळखलं, प्रत्येक सांधा आतून सिलिकॉनने भरायचा नियम त्यांचाच. प्लाय वॉटरप्रूफच वापरतो, पावसाळ्यात एमडीएफ फुगतं. उन्हाळ्यात डबा बेसूर होईल का असं बरेच जण विचारतात. जानेवारीतली 12 डिग्रीची पहाट आणि एप्रिलमधली 38 डिग्रीची दुपार यांत आवाजाचा वेग साडेचार टक्क्यांनी बदलतो, पण खोलीचा सूर आणि डब्याचा सूर दोन्ही त्याच प्रमाणात सरकतात, त्यामुळे जोडी तुटत नाही.

मग आला वाटीचा प्रकार. परदेशात अंगठ्याएवढ्या धातूच्या वाट्या मिळतात, भिंतीला ठराविक जागी चिकटवायच्या, म्हणे खोली उघडते, बेस सुधारतो. कोथरूडच्या एका काकांना त्या हव्याच होत्या, किंमत ऐकून मी म्हटलं काका थांबा, आणि कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन तशाच मापाच्या तांब्याच्या करून घेतल्या, वर मठार कामही केलेलं, एकेक ठोका चमकणारा. दिसायला इतक्या देखण्या की मलाच मोह झाला. पण दोन सेंटीमीटर खोल वाटी वाजणार साधारण चार हजार हर्ट्झला, आणि भिंतीवरचा असा रेझोनेटर गणिताने जास्तीत जास्त तरंगलांबीचा वर्ग भागिले 2π (पाय म्हणजे 3.14) एवढ्या क्षेत्रातला आवाज गिळू शकतो. चार हजारला ते होतात बारा चौरस सेंटीमीटर, मोठ्या टपाल तिकिटाएवढे. तेच सूत्र 47 हर्ट्झला लावा, साडेआठ चौरस मीटर. प्रत्यक्षात एवढं पदरात पडत नाही, पण लहानसा डबा बेसमध्ये भारी का पडतो आणि वाटी का नाही हे इथेच कळतं.

काकांना गणित नको होतं, कान हवे होते. ठीक. काकू पडद्यामागे, वाट्या लावायच्या की काढायच्या त्यांनी नाणं उडवून ठरवायचं, काका डोळे मिटून. काकांची उत्तरं नाण्याइतकीच बरोबर आली, आलेखही जागचा हलला नाही. मग त्यांना न सांगता आम्ही बसवलेल्या कोपऱ्यातल्या डब्याच्या तोंडावर फळी ठेवली तर लगेच म्हणाले, "अहो, आता काय केलंत? परत घुमायला लागलं." वाट्या आता त्यांच्या शोकेसमध्ये आहेत, छान दिसतात. आम्ही त्या विकत नाही, विकल्या असत्या तर शेडचं भाडं सहज सुटलं असतं हेही खरं. इतर लोक विकतात, घेणारे आनंदात असतात, त्यावर माझं भांडण नाही, फक्त बेससाठी म्हणून विकू नका.

गैरसोय आमच्या डब्यातही आहेच. एक डबा एकच सूर पकडतो, आजूबाजूला थोडाफार. दोन-तीन मोड त्रास देत असतील तर तितके डबे, आणि घरात डबे ठेवायचे म्हणजे परवानगी कोणाची लागते ते सांगायला नको. म्हणून आता टीव्ही युनिटच्या टोकाला, दिवाणाच्या पोटात, कोपऱ्यातल्या उंच स्टँडमध्ये लपवून करतो, स्टँडवर कुंडी ठेवा, गणपती बसवा, पोट बंद राहिलं आणि तोंड मोकळं राहिलं म्हणजे झालं. बाणेरच्या एका एल आकाराच्या हॉलचं काम सध्या चालू आहे, तिथे साधं सूत्र चालत नाही, सबवूफर सोफ्यावर ठेवून माइक खोलीभर फिरवत बेस कुठे साठतो ते शोधतोय.

मोजणीची फी वेगळी घेतो, डब्याची ऑर्डर द्या किंवा नका देऊ. बऱ्याचदा सोफा दोन फूट पुढे ओढूनच निम्मं काम होतं आणि डबा लागतच नाही, तेव्हा फक्त फी. बोलवायच्या आधी खोलीची लांबी, रुंदी, उंची, सोफा मागच्या भिंतीपासून किती लांब आणि दारं-खिडक्या कुठे एवढं कागदावर काढून पाठवा. स्पीकरचा ब्रँड नाही सांगितला तरी चालेल.